मनगटावरची मोजणी

बाबांना पक्षाघाताचा झटका आला तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांची होते. बालानगरच्या बाजूला एका लहानशा कारखान्यात इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यांचे बोर्ड तपासायचं काम करत होते. काट्यावर माल ठेवला की आकडा एका जागी थांबायला हवा. तो नाचत राहिला तर का नाचतो हे शोधून काढायचं. एकोणीस वर्षं मी हेच केलं आणि मला ते आवडायचं. लग्न मी केलं नव्हतं. आई जाऊन सहा वर्षं झाली होती, धाकटा भाऊ कॅनडात. त्यामुळे बाबांजवळ कोण थांबणार हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. मी दोन महिन्यांची रजा टाकली, मग ती वाढवली. तिसऱ्यांदा वाढवायला फोन केला तेव्हा आमचे साहेब फार सौम्यपणे म्हणाले, "तुमच्या टेबलावर आता दुसऱ्या कुणाला तरी बसवतो बाई. तुम्ही सवडीनं या." मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवून कुकर लावला.

आमचं घर चिक्कडपल्लीत, गल्लीच्या आतल्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. जिना असा अरुंद की वळणावर कपाट चढवायचं तर दारं काढावी लागतात. दवाखान्यातून आणलं त्या दिवशी बाबांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी वर चढवलं. त्यानंतर सात महिने ते खाली उतरले नाहीत. मी उतरायची, दूध, औषधं, भाजी आणायला. पण त्यांना एकटं ठेवून वीस मिनिटांवर बाहेर राहायचा धीर होत नसे. वीस मिनिटांत चिक्कडपल्लीचा बाजार होतो, मसाल्यांचा बेगम बाजार होत नाही. घरातला मसाला संपला तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की माझं शहर किती लहान झालंय.

बाबा नोकरीला नामपल्लीला होते, महसुलाच्या कचेरीत. निजामाच्या काळातली उर्दू कागदपत्रं वाचायची आणि त्यातला मजकूर आजच्या भाषेत उतरवून द्यायचा, हे त्यांचं काम. उर्दू ते त्यांच्या वडिलांकडून शिकले होते. निवृत्त झाल्यावरही लोक कापडात गुंडाळलेले कागद घेऊन घरी यायचे. बाबा भिंग लावून एकेक ओळ वाचायचे आणि उजव्या हातानं, खाडाखोड न करता, लिहून द्यायचे. झटका आला तो त्याच बाजूवर. बोलणं पंधरा दिवसांत परत आलं, थोडं जड आलं पण आलं. पायही वॉकर धरून खोलीतल्या खोलीत चालण्याइतका सावरला. हात तेवढा मांडीवर पडून राहायचा, दुसऱ्या कुणाचा तरी आणून ठेवल्यासारखा.

महिन्यातून एकदा एक फिजिओथेरपिस्ट बाई यायच्या. तेलुगू, तिशी ओलांडलेल्या, चढून आल्या की आधी घोटभर पाणी मागायच्या. त्यांनी व्यायाम सांगितला तो ऐकायला सोपा होता. खुर्चीत ताठ बसायचं, उजवा हात बाजूला लोंबता सोडायचा आणि कोपर न वाकवता समोरून खांद्यापर्यंत उचलायचा. डाव्या हाताची मदत घ्यायची नाही. असं पन्नास वेळा, आणि दिवसातून चार खेपा.

"गिनती नक्को छोडो मैडम," त्या मला म्हणाल्या. "जितने ज्यादा बार, उतना अच्छा."

मग मी मोजायला लागले. सकाळी आठला पन्नास, अकराला पन्नास, दुपारी चारला पन्नास, संध्याकाळी सातला पन्नास. एका खेपेला पाऊण तास लागायचा, कारण सुरुवातीला हात जेमतेम अर्धा वर यायचा आणि प्रत्येक वेळेनंतर बाबांना थांबावं लागायचं. मी समोर स्टुलावर बसायची. मी उठले की बाबा थांबायचे. मुद्दाम नाही, मोजणारा आवाज बंद झाला की त्यांचा हातच चालायचा नाही. गॅसवर काही उतू जातंय असं वाटलं तरी मी तिथूनच "एकतीस, बत्तीस" म्हणत स्वयंपाकघराकडे मान वळवायची.

तीन महिन्यांत ते आकडे माझ्या अंगात भिनले. भेंडी चिरताना मी मोजायची. जिना उतरताना मोजायची. कुणी काही विचारलं तर उत्तर देण्याआधी डोक्यात एक आकडा यायचा. कुठल्याशा मंगळवारी संध्याकाळी, खाली गल्लीत कुणाच्या तरी लग्नाची वरात चालली होती, बँड वाजत होता, आणि मी सव्वीसनंतर सरळ तीस म्हटलं.

बाबांनी हात अर्ध्यात थांबवला. "सत्तावीस कुठं गेलं?"

"झालं की."

"नाही झालं. अठ्ठावीस नाही, एकोणतीस नाही. काय करायलीस तू?"

आयुष्यभर उर्दू अक्षरांवरचा एकेक नुक्ता, एकेक टिंब तपासत कागद वाचलेल्या माणसाला मी फसवायला निघाले होते. मी पुन्हा सत्तावीसपासून मोजलं, पण आवाज असा निघाला की बाबांनी पन्नास होईपर्यंत माझ्याकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी ठरवलं की हे मोजणं मी करणार नाही, यंत्र करेल. काट्यावरचा आकडा स्थिर करण्यात एकोणीस वर्षं घालवलेल्या बाईला हात किती वेळा वर गेला हे मोजणारं यंत्र बनवता येऊ नये? खालच्या मजल्यावरच्या काकूंना तासभर बाबांजवळ बसवलं आणि रिक्षा करून कोठीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीत गेले. तिथल्या एका जुन्या दुकानदारानं मला ओळखलं. "क्या मैडम, बहुत दिनां के बाद," म्हणत त्यानं डबे उघडले. मी एक छोटा मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड घेतला, आगपेटीपेक्षाही लहान, लाल आकड्यांचा डिस्प्ले घेतला, अंतर मोजणारा सेन्सर घेतला, थोड्या वायरी. त्या गल्लीत सोल्डरचा वास येतो. तो नाकात गेला आणि मी दुकानाच्या पायरीवर उगाच दोन मिनिटं उभी राहिले. मग काकू आठवल्या.

पहिला प्रयत्न साफ फसला. अंतराचा सेन्सर मी टेबलावर बाबांच्या समोर ठेवला होता. हात पुढे आला की एक मोजायचा. त्यानं हात मोजलाच, शिवाय पंख्यानं हललेला पडदा मोजला, चहाचा कप मोजला, मला मोजलं. बाबा नुसते चहा पीत बसले होते आणि डिस्प्लेवर त्रेसष्ट.

"बघ," बाबा म्हणाले, "मी सुधारायलोय." झटक्यानंतर त्यांनी केलेला तो पहिला विनोद.

मग मी सेन्सर बदलला. कल किती झाला ते सांगणारा एक चौकोनी तुकडा मिळतो, नखाएवढा. तो रक्तदाब मोजायच्या जुन्या, फाटलेल्या पट्ट्याच्या चिकटपट्टीवर शिवला आणि पट्टी बाबांच्या मनगटाला बांधली. तिच्यातून चार बारीक वायरी निघून टेबलावरच्या डब्यात जायच्या. डबा म्हणजे साबणाचा, झाकणाला खाच पाडून आकडे दिसतील आणि पन्नास झाले की शिटी वाजेल असा. बोर्डाला शिकवलं की हात चाळीस अंशांच्या वर गेला की एक म्हण. पण बाबांचा हात थरथरायचा. चाळीसच्या आसपास तो वरखाली व्हायचा आणि यंत्र एका उचलण्याचे तीन धरायचं. हा आजार मला ओळखीचा होता. काट्यावरचा आकडा असाच नाचतो. मी दोन रेषा आखल्या. चाळीसच्या वर गेला तर हात वर गेला, आणि पंधराच्या खाली आला तरच खाली आला. वर आणि मग खाली, दोन्ही झालं तर एक. मधे कितीही थरथरला तरी गप्प बसायचं.

ते चाललं. मी आणि बाबांनी पहिले पन्नास त्याच्यासोबत केले. मी मनात मोजत होते, यंत्र डब्यात मोजत होतं, आणि शेवटी माझे पन्नास झाले तेव्हा त्याचे बेचाळीस.

"मी उचलला की," बाबा म्हणाले.

"डबा म्हणतो, हात आठ वेळा पुरता वर आला नाही."

"तू तर धरलंस."

हे खरं होतं. अर्धवट आलेला, नुसता हललेला हातही मी धरत होते. कधी दया येऊन, कधी लवकर संपावं म्हणून. यंत्राला दोन्ही नव्हतं. बाबांनी ओठ आवळून आणखी आठ काढले. घाम कानामागून मानेवर आला. मी पुसायला पुढे झाले तर त्यांनी डाव्या हातानं मला थांबवलं.

त्या आठवड्यापासून मी खोलीबाहेर पडायला लागले. पट्टी बांधायची, शून्य करायचं आणि जायचं. आकडा वाढताना समोर दिसला की बाबांचा हात माझ्या आवाजाशिवायही चालतो, हे लक्षात आलं होतं. मी वरच्या गच्चीवर जायची. गच्चीवर पाण्याच्या टाक्या, डिशच्या तबकड्या, दोरीवर कुणाचे तरी गणवेश. लांबवर मेट्रो जाताना दिसायची, आणि तिच्यात बसलेली माणसं कामाला चाललीत एवढंच मला दिसायचं. अर्धा तास मिळायचा. मग खाली येऊन आकडा बघायचा आणि पट्टी सोडायची. मला वाटलं होतं यात मोकळं वाटेल. प्रत्यक्षात मी त्या अर्ध्या तासात कठड्याला टेकून पुढच्या खेपेची वेळ बघत असायची.

भाऊ दर रविवारी संध्याकाळी व्हिडिओवर यायचा. त्याला यंत्र दाखवलं तर तो खूश झाला. "दीदी, त्या बोर्डाला वायफाय असणार. आकडे मला इथं दिसतील असं कर ना." मला करून दाखवायची हौस होतीच. तीन दिवसांत केलं. प्रत्येक खेपेचा आकडा आणि प्रत्येक उचलण्याची वेळ साठायची, आणि आकडा त्याच्या फोनवर जायचा.

नंतर त्याचे फोन रोज यायला लागले.

"काल दुपारचे अडतीसच?"

"बाबांना पोटात बरं नव्हतं."

"आणि परवा सकाळची आठची खेप दिसतच नाही."

"मी गॅसचं सिलिंडर घेत होते. नऊला केली."

"बघ, मी काही बोलत नाही. फिजिओ म्हणाल्यात ना पन्नास, म्हणून. तू तिथं आहेस म्हणून मला काळजी नाही, पण आकडे दिसले की बरं वाटतं."

फोन मी स्वयंपाकघरात घ्यायची, पण आमच्या घरात भिंती पातळ आहेत आणि मी स्पीकरवर ठेवून पोळ्या लाटायची. एका रविवारी तो म्हणाला, "तू दिवसभर घरीच असतेस, मग चार वेळा पन्नास होत का नाहीत?" मी लाटणं खाली ठेवलं. मी बनवलेलं यंत्र मलाच मोजायला लागलं होतं, आणि ते बंद करायचं तर आजारी बापाची हयगय केल्यासारखं दिसलं असतं.

त्यानंतर मात्र आकडे सुधारले. चारही खेपा पन्नास, एकही कमी नाही. वेळही घटत गेला. आधी अर्धा तास लागायचा तिथं वीस मिनिटं, मग बारा. मी गच्चीवरून उतरायच्या आत पन्नास तयार. भावानं दोन ओळींचा निरोप पाठवला, त्यात माझं कौतुक होतं. मी तो दोनदा वाचला. तीन आठवडे आमच्या घरात बरे गेले. मी एकदा बाबांच्या खेपेच्या वेळात वाचनालयापर्यंत जाऊन आले. वर्तमानपत्रातल्या नोकरीच्या जाहिराती वाचल्या आणि घाईघाईनं परतले, चोरी करून आल्यासारखी.

मग फिजिओथेरपिस्ट बाई आल्या. पाणी प्यायल्या, बाबांचा हात हातात घेऊन हलकेच वर न्यायला लागल्या, आणि खांद्याशी थांबल्या. बाबा कण्हले. बाईंनी पुन्हा प्रयत्न केला. हात गेल्या वेळी जिथवर गेला होता तिथवरही जाईना.

"कसरत हो रही ना मैडम?"

"रोज चार वेळा. पन्नास-पन्नास. हे बघा." मी फोनवरचे आकडे दाखवले.

त्यांनी आकडे बघितले, मग हाताकडे बघितलं. "ये हाथ तो बीस दिन से नै हिला," त्या हळूच म्हणाल्या. खांदा आखडलाय, आता आधी तो सोडवावा लागेल, दुखेल, वेळ लागेल, असं सांगून त्या गेल्या. बाबा या सगळ्यात खिडकीकडे बघत होते.

मला आधी यंत्राचाच संशय आला. दुपारी लॅपटॉप उघडून साठवलेल्या वेळा काढल्या. दमणाऱ्या माणसाच्या वेळा कशा असतात ते मला आधीच्या महिन्यांमुळे माहीत होतं. पहिले दहा बरे, मग अंतर वाढत जातं, चाळीसनंतर दोन उचलण्यांमधे मिनिटभर जातं. गेल्या तीन आठवड्यांच्या वेळा तशा नव्हत्या. आधी बराच वेळ काहीच नाही, आणि मग ओळीनं पन्नास, प्रत्येकी दीड-दोन सेकंदांनी.

चारच्या खेपेला मी पट्टी बांधली, शून्य केलं, चपला घातल्या, दार वाजवून लावलं आणि आतच, पॅसेजमधे उभी राहिले. पडद्याच्या फटीतून बाबा दिसत होते. थोडा वेळ ते नुसते बसले. दोनदा हात उचलायचा प्रयत्न केला. तो वीतभर आला आणि पडला. मग त्यांनी डाव्या हातानं पट्टी सोडली, मुठीत धरली आणि वरखाली करायला लागले. वारा घालावा तसे. चेहऱ्यावर काही नव्हतं, कंटाळा असेल तर तेवढाच. लाल आकडा धावत होता.

मी पडदा सारला. "बाबा, हे काय?"

ते दचकले नाहीत. पट्टी मांडीवर ठेवली. "सत्तेचाळीस झालेत," म्हणाले.

"तीन आठवडे हेच करायलेत तुम्ही? मला सत्तावीस गेलं म्हणून विचारणारे तुम्ही?"

"ओरडू नको."

"का केलंत ते सांगा."

जीभ जड असल्यानं मोठं वाक्य बोलायच्या आधी ते ते जुळवून घ्यायचे. "पन्नास झाले की तू मोकळी होतेस," ते म्हणाले. "कमी झाले की तो तुला बोलतो. मला ऐकू येतं. माझा हात काही आता कागदावर चालायचा नाही, हे मला कळलंय. मग तुला कशाला अडकवायचं?"

हे ऐकून मला रडू यायला हवं होतं. मला राग आला. इतका की माझा आवाज मलाच ओळखू येईना. "मला सोडवायला निघालात? बाई काय म्हणाल्या ऐकलंत ना? आता आणखी किती महिने लागतील? सहा? वर्ष? मी नोकरी सोडली, मी वीस मिनिटांवर या घराबाहेर राहू शकत नाही, आणि तुम्ही माझी दया करून मला आणखी कोंडलंत."

कोंडलंत हा शब्द मी त्यांच्यासमोर कधी वापरला नव्हता, स्वतःशीही नाही.

"हौ," बाबा म्हणाले. मान हलवली. मग म्हणाले, "तू गच्चीवर तरी जातेस. मी कुठं जाऊ?"

मी स्टुलावर बसले, तीन महिने जिथे बसून मोजलं होतं त्याच. चहाची वेळ झाली, गेली. नंतर बाबाच म्हणाले, "जाहिराती वाचायलीस ना, वाचनालयात?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुझ्या बोटांना छापाची शाई होती. घरी तर पेपर येत नाही."

त्या संध्याकाळी मी बोर्डातून वायफायचा भाग काढून टाकला. पन्नासला वाजणारी शिटी होती, तीही काढली. फिजिओथेरपिस्ट बाईंना फोन करून जे घडलं ते सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, पन्नास फार होतात असं आधी का नाही सांगितलं, आखडलेल्या खांद्याला वीस पुरे, पण खरे वीस. इतक्या महिन्यांत आम्हां दोघांपैकी कुणालाही सुचलं नव्हतं की तो आकडा कमी करून मागता येतो.

रविवारी भावाचा फोन आला. "दीदी, चार दिवस आकडे येत नाहीत."

"मी बंद केलेत."

"अगं पण का? चांगलं चाललं होतं."

मी फोन बाबांच्या हातात दिला. सगळं त्यांनीच सांगितलं, तुटक, थांबत थांबत, पट्टी कशी हलवायचे तेसुद्धा. शेवटी बाबा म्हणाले, "बघायचंच असेल तर इथं येऊन बघ. ती नोकरीला जायचं म्हणतेय." मी तसं अजून कुणाजवळच म्हटलं नव्हतं.

भाऊ रुसला, पंधरा दिवस फोन केला नाही, आणि डिसेंबरात तीन आठवड्यांसाठी आला. पहिल्या दिवशी त्यानं खुर्ची, उशी, तेल सगळं नीट मांडून ठेवलं. पाचव्या दिवशी बाबा बाराव्या उचलण्याला थांबले आणि पुढे जाईनात, तेव्हा तो उठून गच्चीवर गेला. मी मागून गेले नाही. परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. म्हणाला, "तू हे वर्षभर करतेयस?" मी म्हटलं, "हो." यापेक्षा जास्त बोलायची आमची सवय नाही. जाण्याआधी त्यानं मागच्या गल्लीतल्या एका अम्मांशी ठरवून टाकलं. त्या एका दवाखान्यात आयाचं काम केलेल्या, पन्नाशीच्या, तेलुगूत अखंड बोलणाऱ्या. सकाळी साडेनऊ ते दुपारी अडीच त्या बाबांजवळ बसणार.

मी जुन्या साहेबांना फोन केला. माझं टेबल गेलं होतं, पण दुरुस्तीला परत आलेल्या काट्यांचा ढीग पडला होता आणि अर्ध्या दिवसाला कुणी मिळत नव्हतं. मी अर्ध्या दिवसाला गेले.

सुटले असं मी म्हणणार नाही. पहिला महिना मी काट्यासमोर बसून घड्याळ बघायची. बाबांचा खांदा सोडवताना त्यांच्या तोंडून जो आवाज निघायचा तो संध्याकाळच्या खेपेला मलाच ऐकावा लागायचा, कारण खांद्याला ताण द्यायचं काम मी अम्मांवर टाकलं नव्हतं. हात पुष्कळसा परत आला, सगळा नाही. आता तो छातीच्या थोडा वरपर्यंत जातो. भाकरीचा तुकडा मोडतो, पेला धरतो पण तोंडापर्यंत नेत नाही. लेखणी त्यात राहत नाही. बाबा डाव्या हातानं सही शिकले. ती पहिलीतल्या पोरासारखी दिसते आणि त्यांना आवडत नाही. यंत्र अजून आहे. खऱ्या वीसची खेप त्यावर रोज दोनदा होते, आणि एखाद्या दिवशी चौदावरच थांबली तर बाबा मला चौदा म्हणून सांगतात.

मागच्या उन्हाळ्यात एक दिवस अम्मांना नातवाच्या शाळेत जावं लागलं म्हणून त्या अर्धा तास आधी निघाल्या. बाबांनीच त्यांना जा म्हटलं आणि दार आतून लावून घेतलं. मला हे माहीत नव्हतं. मी अडीचला जिना चढून आले, घंटी वाजवली, आणि आतून बाबांचा आवाज आला, "थांब. मी येतो."

"अम्मा कुठे आहेत?"

"गेल्या. थांब म्हटलं ना."

खुर्चीचे पाय घासल्याचा आवाज झाला. मग वॉकर. एक ठोका, पाय ओढल्याचा आवाज, पुन्हा ठोका. मधेच काही नाही. दार ढकलून काही उपयोग नव्हता. माझ्या किल्लीनं बाहेरचं कुलूप उघडलं असतं, आतली कडी नाही. मी दोनदा "बाबा" म्हणून हाक मारली. तिसऱ्यांदा नाही मारली. पर्स मांडीवर घेऊन मी जिन्याच्या पायरीवर बसले. खालच्या काकूंच्या घरात कुणीतरी कढीला फोडणी दिली होती, तिचा वास वर येत होता. ऊन जिन्याच्या जाळीतून माझ्या चपलांवर पडलं होतं.

कडी पहिल्यांदा सरकली नाही. दुसऱ्यांदा अर्धी सरकली. मग आतून एक मोठा श्वास ऐकू आला आणि दार उघडलं. बाबा वॉकरला रेलून उभे होते, शर्ट पाठीला चिकटलेला, चेहरा लाल.

"ये," ते म्हणाले, "आत ये," आणि मला वाट देण्यासाठी त्यांनी वॉकर एक पाऊल मागे घेतला.